कपाटामागची काणी



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहावे, लोकांच्या घराच्या भिंतींवर लिहू नये, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. या अंकासाठी आमच्याकडून खोडव्यावरचाच मजकूर मागितला होता. तो पुढच्या अंकात देऊ. मे महिना चालू आहे, निकाल लागतील, जूनमध्ये गावोगावची पोरं पुण्याला निघतील आणि बाप मंडळी खोल्या बघायला जातील. त्याआधी हे छापून यावे अशी विनंती आम्ही संपादकांना केली, आणि त्यांनी ती मानली.

आमचे चिटबॉय नोंदीला फिरतात तेव्हा घरोघर एकच ऐकायला मिळते. पोरगं कुठाय? पुण्यात. पुण्यात कुठं? सदाशिव पेठेत. काय करतंय? एमपीएससी. ज्या पेठेचे नाव आपल्या आजोबांनी फक्त ऐकले होते, तिथे आज आपल्या भागातली पोरं कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसतात आणि मेसचा डबा खातात. त्यांचा खर्च उसाच्या बिलातून जातो. म्हणून सदाशिव पेठेतली खोली हासुद्धा आमच्या कार्यक्षेत्रातलाच एक प्लॉट आहे असे आम्ही समजतो.

आता घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, तीन वर्षे त्या पेठेत राहिला. पहिल्या पावसाळ्यात त्याला खोकला झाला. पाणी बदललं, असे सगळ्यांनी म्हटले. दुसऱ्या वर्षी जुलैत लागलेला खोकला संक्रांतीपर्यंत टिकला. तिसऱ्या वर्षी रात्री छातीत शिटी वाजू लागली, संध्याकाळी अंग कोमट लागे, वजन उतरले. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेच्या दिवशी पहाटे तो जिन्याच्या पायरीवर श्वास घेत बसला होता. परीक्षा गेली. वर्ष गेले म्हणायचे.

आक्काने हे आम्हालासुद्धा उशिरा सांगितले. सांगताना आवाज खाली होता. "आरं भाऊ, गावात बोलू नगंस. पोरीचं जमायचंय अजून." तिला भीती होती क्षयाची. थुंकी दोनदा तपासली, जंतू नव्हते. तरी एका डॉक्टरने, संशय आहे तर क्षयाची औषधे चालू करून बघू, असे म्हटले. दुसऱ्याने प्रतिजैविकांचा तिसरा कोर्स दिला. बहिणीच्या दोन एकरांतल्या उसाचे दोन-तीन टन तरी त्या वर्षी सिरपच्या बाटल्यांत गेले असावेत, असा आमचा हिशेब आहे.

यात एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणी पाहिली नाही. दिवाळीत पोरगं गावी आलं की आठ दिवसांत खोकला जायचा. आक्का म्हणायची, घरच्या दुधाचा गुण. पुण्याला परतलं की चौथ्या-पाचव्या दिवशी खोकला हजर. शेवटी पुण्यातल्या एका छातीच्या डॉक्टरांनी त्याला विचारले, "तू झोपतोस त्या खोलीला वास येतो का? भिंतीला ओल आहे का?" चार डॉक्टर झाले होते, घराची चौकशी करणारे हे पहिले. पोरगं म्हणालं, नाही, भिंत तर स्वच्छ आहे, दर वर्षी रंग देतात.

ऑगस्टमध्ये आडसालीच्या लागणी उरकल्या आणि आम्ही एक दिवसाची रजा टाकून एस.टी.ने स्वारगेटला उतरलो. वाडा पेरुगेटच्या अलीकडे, एका बोळात. दिंडी दरवाजा जुना, देखणा. आत चौक होता, पण त्यावर पत्रा टाकलेला आणि चौकातच प्लायवुडच्या आडभिंती घालून दोन खोल्या काढलेल्या. भाच्याची खोली त्यांच्या मागे, दहा बाय बारा. कॉट चार. भरदिवसा दिवा लावलेला. भिंतींना छातीपर्यंत ऑइल पेंट, बदामी रंगाचा, चकचकीत. भिंतीवर वेळापत्रक आणि महाराष्ट्राचा नकाशा. एका दोरीवर चौघांचे कपडे वाळत होते. बाहेर पाऊस, मग वाळवणार कुठे?

आत पाऊल टाकताच आम्हाला वास आला. तो वास आम्ही ओळखतो. पेंडीचे भिजलेले पोते बंद गोदामात आठवडाभर पडले की येतो तोच. पोरांना विचारले, वास येतो का? चौघांनीही माना हलवल्या. नाकाला सवय झाली की येत नाही.

"मामा, तुम्ही बसा, चहा सांगतो," भाचा म्हणाला. आम्ही म्हटले, चहा राहू दे, आधी हे कपाट सरकवा. लोखंडी कपाट, पुस्तकांनी भरलेले. चौघांनी जोर लावून हातभर ओढले. मागची भिंत काळी-हिरवी झाली होती, घोंगडी पांघरावी तशी. बोट लावले तर बोट काळे. रंगाला फोड आले होते आणि त्या फोडांच्या आतही काळे. मग आम्ही नकाशाचे खालचे दोन खिळे काढले. त्याच्यामागेही तेच. भाच्याची कॉट त्याच भिंतीला डोके करून होती. गादी उलटी केली तर खालच्या बाजूला करड्या ठिपक्यांची नक्षी. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणी होती आणि नळाची जुनी जोडणी भिंतीच्या पोटात ठिबकत होती. किती वर्षे, कोण जाणे.

पोरगं काही बोललं नाही. कपाटाच्या मागं बघत उभं राहिलं. तीन वर्षे नाक त्या भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून झोपलं होतं.

सभासद बंधूंनो, आम्हाला त्या क्षणी चाबूक काणी आठवली. काणीचे बेणे वरून कसे दिसते हे तुम्हाला सांगायला नको. डोळा टपोरा, टिपरी रसरशीत. लावताना कुणालाही शंका येत नाही. तीन-चार महिन्यांनी शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडतो, आणि त्याची काळी भुकटी वाऱ्यावर शेजारच्या उसात जाते. को ७४० च्या काळात खोडव्याच्या खोडव्यांत काणी कशी माजली हे वडीलधाऱ्या सभासदांना आठवत असेल. तेव्हापासून आम्ही घसा कोरडा करून सांगत आलो, की डोळ्यांनी बरे दिसणारे बेणे बरे असतेच असे नाही. शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डॅझिम घालून दहा मिनिटे बुडवा, बेणेमळ्यासाठी ५४ अंशाची अडीच तास उष्ण बाष्प प्रक्रिया करून घ्या. हे आता तुम्हाला पाठ आहे. एकरभर लागणीसाठी बेणे घेताना तुम्ही मोळी सोडून टिपरी कापून बघता. आणि पोटच्या पोरासाठी खोली घेताना? आम्हीही नव्हतो बघितली. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्हीच आक्काबरोबर ती खोली ठरवायला गेलो होतो. भिंत कोरडी होती, रंग ताजा होता, भाडे परवडत होते. आम्ही उंबऱ्यातूनच "बरी आहे" म्हटले.

मालक वरच्या मजल्यावर राहतात. वयस्कर, एकटे गृहस्थ. आम्ही त्यांना खाली बोलावून भिंत दाखवली. ते म्हणाले, "अहो, ही वास्तू दीडशे वर्षं उभी आहे. इतकी मुलं राहून गेली, अधिकारी झाली, एकानेही तक्रार केली नाही. शिवाय दर मे महिन्यात मी पदरमोड करून ऑइल पेंट देतो." पुण्याचा ताठा होता, खोटेपणा नव्हता. वाड्याला सात वारस, कोर्टात दावा, त्यामुळे नळ उकरायचा तरी सगळ्यांच्या सह्या लागणार. आणि बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ढास लागली. दोन मिनिटे थांबेना. "हे माझं जुनंच आहे," म्हणाले.

दर वर्षी रंग देतो हा त्यांचा अभिमान होता, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला असे आमचे मत आहे. जुन्या वाड्याची भिंत विटा-मातीची, चुन्याच्या गिलाव्याची. वातीने तेल ओढावे तशी अशी भिंत जमिनीतली ओल ओढते, पण चुन्यातून ती ओल बाहेर उडूनही जाते. भिंत श्वास घेते म्हणा. वरून चौक उघडा, त्यातून ऊन-वारा. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, त्यावर ऑइल पेंट दिला आणि चौकावर पत्रा टाकला, की ओल आत कोंडते. बाहेर चकचकीत, पोटात ओली. मग ती फटीतून, कपाटाआडून, नकाशामागून वाट काढते. रंगाच्या खाली बुरशी मरत नाही, रंगाआड बसते. काणीच्या बेटावर पाचट पांघरल्याने काणी गेली असे आपल्यापैकी कुणी म्हणेल का?

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. सदाशिव पेठेत आहेत तसे आपल्या सोप्यातही आहेत. त्यांना नुसते येऊन भागत नाही, पाणी लागते. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही की बुरशी धरते. भिंतीवर पाणी ओघळलेच पाहिजे असेही नाही. भिंतीलगतची हवा दमट राहिली तरी पुरे. पुण्याचा वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरचा पाऊस तिथे पडत नाही, तरी ओल असते, ती या माणसांनीच केलेल्या पाण्याची. झोपलेला माणूस तासाला साधारण चाळीस ग्रॅम पाणी श्वासातून आणि अंगातून हवेत सोडतो. चार पोरे, आठ तास. रात्रीत सव्वा लिटर. त्यात दोरीवरचे ओले कपडे. खिडकी नाही. हे पाणी जाणार कुठे? सगळ्यात थंड भिंतीवर. आणि सगळ्यात थंड भिंत कपाटामागची, जिथे हवा फिरत नाही.

गंमत अशी, की याच पेठेत एके काळी पाणी यावे म्हणून केवढे उपद्व्याप केले होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी आणले, त्याचा एक हौद सदाशिव पेठेत आहे. आता नको तिथे पाणी येते आणि ते थांबवायला सात सह्या मिळत नाहीत.

आम्ही डॉक्टर नव्हे, कृषी पदविकेवर नोकरीला लागलेला माणूस. म्हणून तब्येतीबाबत जेवढे पक्के आहे तेवढेच लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यावर मार्गदर्शक पुस्तिका काढली. ओलसर, बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, दम्याचा जोर आणि श्वासमार्गाचे विकार अधिक होतात, असे तीत म्हटले आहे. अमुक इतकी बुरशी चालेल अशी मर्यादा मात्र तिने घालून दिलेली नाही; ओल होऊच देऊ नये, झाली तर काढावी, एवढेच सांगितले आहे. प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. त्या खोलीतल्या चौघांपैकी दोघांना काहीही झाले नव्हते, एकाला नुसत्या शिंका. ज्याचे अंग ती सोसत नाही त्याला ती लागते. काहींच्या बाबतीत ॲस्परजिलस नावाची बुरशी दम्याच्या रोग्याच्या श्वासनळ्यांत बसते आणि शरीर तिच्याशी ॲलर्जीने झगडत राहते. छातीच्या फोटोत डाग दिसतात, आणि आपल्या देशात क्षय समजून औषधे चालू होण्याचे प्रकार घडतात, हे छातीच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे.

याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकी तपासलीच पाहिजे, सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात, आणि क्षय निघाला तर औषधे शेवटच्या गोळीपर्यंत घेतलीच पाहिजेत. "बुरशीचा असेल" म्हणून क्षय अंगावर काढणारा माणूस आम्हाला या लेखापायी नको आहे. आणि लपवणारी आईही नको. आक्काने गावाला कळू नये म्हणून जे सहा महिने काढले, ते सहा महिने पोरगं त्याच भिंतीशी झोपत होतं.

आणखी एक खुलासा करणे भाग आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हाहाकार केला. तेव्हापासून भिंतीवर काळे दिसले की लोकांच्या पोटात गोळा येतो. तो म्युकरमायकोसिस. मधुमेह बेताबाहेर गेलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रोग्यांना त्याने गाठले. भिंतीवरचा काळा थर म्हणजे तो रोग नव्हे. रंगावरून बुरशीची जात सांगता येत नाही. घाबरू नये, पण चालवूनही घेऊ नये.

आम्ही हे एका बैठकीत बोललो तेव्हा एक मातब्बर सभासद म्हणाले, "अहो साहेब, जुनी माणसं माधुकरी मागून, वार लावून जेवून पुण्यात शिकली. त्यांनी कधी भिंत बघितली? आत्ताची पोरं नाजूक." टाळ्याही पडल्या. या विचाराशी आमचे भांडण आहे.

सदाशिव पेठेने बाहेरगावच्या गरीब मुलांना सांभाळले हे खरे. १९०९ साली निघालेले अनाथ विद्यार्थी गृह, आजचे पुणे विद्यार्थी गृह, याच पेठेत आहे. पण जुन्या माणसांची गोष्ट सांगताना आपण फक्त तरलेल्यांची सांगतो. आपल्याच कृष्णाकाठचे उदाहरण घ्या. कराडजवळचे टेंभू आज उपसा सिंचन योजनेमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर पुण्यात शिकले. एकुलता एक सदरा, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात चढवायचा, ही गोष्ट शाळेत सगळ्यांना सांगतात. त्यांना दम्याने आयुष्यभर छळले आणि १७ जून १८९५ रोजी, चाळिशीसुद्धा न गाठता ते गेले, हे सांगताना मास्तर घाईत असतात. त्यांच्या दम्याचे कारण ओल होती असे आम्ही म्हणत नाही. ते कळायला मार्ग नाही. आमचे म्हणणे एवढेच, की सदऱ्याच्या गोष्टीचे कौतुक करताना त्या छातीचीही आठवण ठेवावी. गरिबी माणसाला घडवते असे म्हणायचे असेल तर म्हणा. बुरशी कुणाला घडवत नाही.

कायद्याचे म्हणाल तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे बंधन मालकावर आहे. पण आपली पोरं कायद्याने भाडेकरू असतात कुठे? अकरा महिन्यांचा करार, तोही एकाच्या नावावर. बाकीचे तिघे तोंडी. तक्रार केली की "दुसरी खोली बघा". आणि जुने भाडेकरू दुसऱ्या टोकाला: कैक वर्षे गोठलेले नाममात्र भाडे, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नाही. या दोन्हींच्या मधे भिंत ओली राहते.

आता जरा आपल्या घरात या. सगळा दोष पेठेवर ढकलून आम्हाला मोकळे व्हायचे नाही. पुण्याने १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्याने कशा बसल्या ते पाहिले. आपण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा महापूर पाहिला आणि २०२१ ला पुन्हा. पाणी ओसरले, गाळ काढला, आणि गणपती तोंडावर आले म्हणून किती घरांनी भिंती वाळायच्या आत रंग काढला? आम्ही पाहिले आहे, नावे सांगत नाही. जुन्या घरात निदान कौलातून वारा खेळायचा. आता स्लॅबची घरे झाली, काचेच्या सरकत्या खिडक्या बसल्या, त्या धुळीमुळे कायम बंद. देवघराची खोली मधोमध, तिला खिडकीच नाही. माळ्यावर भिजकी पोती. पावसाळ्यात म्हातारी खोकते ती वयामुळे, असे आपण ठरवून टाकतो. एकदा तिची खाट भिंतीपासून हातभर ओढून मागे बघावे.

आपल्या धंद्यातला पुरावा तर आपल्या दारात पडला आहे. उसाचे ओले चिपाड ढीग घालून ठेवले की आतून तापते आणि त्यात बुरशीसारखा दिसणारा एक सूक्ष्मजीव वाढतो. अमेरिकेतल्या लुइझियानात १९४० च्या सुमारास अशा साठवलेल्या बगॅसमध्ये काम करणाऱ्या मजुरांना धाप, ताप, खोकला लागू लागला. त्या रोगाला नावच बगॅसोसिस पडले. १९७१ साली त्या सूक्ष्मजीवाची ओळख पटली आणि त्याच्या नावातही साखर आहे: थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकरी. ताज्या बगॅसने हा रोग होत नाही, कुजट, धुरळा उडणाऱ्या जुन्या बगॅसने होतो. धूळ नाकात गेल्यावर चार-सहा तासांनी थंडी-ताप येतो, म्हणून माणसाला दोहोंचा संबंध लागत नाही. गुऱ्हाळामागची पावसात भिजलेली थप्पी उकरणाऱ्या गड्याला संध्याकाळी हिवताप आला, असे आपण म्हणतो. त्याला नाकाला नीट मास्क द्या आणि थप्पी आधी पाण्याने शिंपडा. कणगीतल्या धान्याचेही तसेच. १९७४ साली राजस्थानात बांसवाडा आणि गुजरातेत पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. तो मका लोकांनी घरातच साठवलेला होता.

मग करायचे काय, असे विचाराल. पाण्याची वाट शोधून ती बंद करणे हे पहिले; बाकीचे त्यानंतर. नळ ठिबकत असेल तर तो दुरुस्त झाल्याशिवाय भिंत घासण्यात अर्थ नाही. मग साबणाच्या पाण्याने घासून, पुसून, पंखा लावून भिंत खडखडीत वाळवावी. घासणाऱ्याच्या नाकावर मास्क हवा आणि दमेकऱ्याने त्या दिवशी खोलीबाहेर राहावे. गादी, उशी, प्लायवुड यांत बुरशी शिरली असेल तर ते फेकावे; जीव तुटतो, पण फेकावे. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड एकत्र करू नये, विषारी वायू निघतो. भिंतीवरची पांढरी भुकटी मात्र नेहमी बुरशी नसते, लोणाही असतो. चिमूटभर पाण्यात टाकून पाहावी, विरघळली तर लोणा. पण लोणा म्हणजे तरी ओलीचीच पावती.

खोली बघायची ती मेमध्ये बघून भागत नाही, हा आमचा अनुभव. मेमध्ये ठरवावी लागली तर जुलैत एक फेरी मारावी, नाक घेऊन. कपाट सरकवायला लाजू नये. भिंतीपलीकडे काय आहे हे विचारावे. ताज्या रंगाला भुलू नये. एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर अधिकच संशय घ्यावा.

एवढ्यावर न थांबता आम्ही संचालक मंडळापुढे एक लेखी सूचना ठेवली आहे. कारखान्याच्या कामासाठी आमचा माणूस शिवाजीनगरला साखर संकुलात महिन्यातून दोनदा जातोच. त्याने पावसाळ्यात एक दिवस अधिक थांबून आपल्या सभासदांच्या मुलांच्या खोल्या पाहाव्यात, बऱ्या खोल्यांची यादी करावी आणि ती शेतकी ऑफिसात लावावी. पीक पाहणीला आपण इतकी माणसे पाठवतो, तर या पिकाच्या पाहणीला वर्षातून एक दिवस जड नाही. काही संचालकांनी "आधी उसाला दर, मग भिंती" असे म्हटले. दर पाहिजेच. पण ज्याच्यासाठी दर पाहिजे तो पोरगा जिन्यावर धापा टाकत बसलेला आम्ही पाहिला आहे. निर्णय जूनच्या सभेत होईल.

भाचा आता त्याच पेठेत दुसऱ्या खोलीत आहे. तिसरा मजला, पूर्वेला खिडकी, भाडे थोडे जास्त, जिना चढताना आक्काचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी दिलेला पंप अजून खिशात असतो, पण गेल्या पावसाळ्यानंतर त्याची गरज क्वचित पडली. आणि मार्चमध्ये जुन्या वाड्याच्या मालकांचा आम्हाला फोन आला. वारसांपैकी चौघांच्या सह्या झाल्या होत्या. नळ उकरायचा आहे, पण भिंतीला पुन्हा सिमेंट करायचे की चुना, असे ते विचारीत होते. आम्ही चुना सांगितला. त्यांचा खोकला कसा आहे हे विचारायचे मात्र राहून गेले.

संचालक मंडळाचा निर्णय काहीही होवो, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही स्वतः रजा घेऊन दोन दिवस पेठेत जाणार आहोत. ज्या सभासदांना आपल्या मुलाची खोली पाहून घ्यायची आहे त्यांनी मुलाचे नाव आणि पत्ता जूनअखेर शेतकी ऑफिसात आपल्या गटाच्या चिटबॉयकडे द्यावा. बरोबर यायचे असेल तर बॅटरी आणावी, आणि कपाट हलवायला एक दणकट माणूस.